गुरुवारची शेवंड

भोसरीत सुट्टी गुरुवारी,
कारण वीज जाते ती गुरुवारी,
आणि आमच्या घरी गुरुवारी अंडंसुद्धा फुटत नाही.
हे सगळं माहीत असून
पहाटे चारला मी रज्जाक मुकादमच्या व्हॅनमध्ये बसलो.

ताम्हिणीत धुकं. माणगावला चहा.
म्हसळ्याच्या पुढे रज्जाकने काच खाली केली,
म्हणाला, आता नाकानं चालव.

भरडखोलला पार्वती चोगले जाळं सोडवत होत्या.
मिशीला धरू नको, तुटंल. पाठीला धर.
पाठीला धरली, तर तिनं शेपूट असं आपटलं
की चकमधून जॉब सुटावा तसा मी मागे.
आणि आवाज. कर्र, कर्र.
मिशीच्या बुडाशी घासते, त्या म्हणाल्या, भ्याली की.
नांगी नाय, डंख नाय,
येवढंच हाय तिच्यापाशी.

तीस वर्षं मी बुश कापतोय.
तिच्या शेपटीची कडी उलटसुलट करून पाहिली,
एकीत एक सरकणारी,
अर्ध्या थाऊची फट नाही,
ग्रीस नाही, ड्रॉइंग नाही.
आणि अंग वाढलं की हे सगळं ती टाकून देते,
डोळ्यांवरच्या काट्यांसकट,
मऊ होऊन कपारीत बसते
नवं घट्ट होईपर्यंत.
(कंपनीला टाळं लागलं तेव्हा
मीही बसलो होतो चार महिने.
ते तिथं बोललो नाही.)

दुसरी उलटी केली, तर पोटाखाली
केशरी दाणे, खसखशीएवढे, गच्च.
ही नाय, पार्वतीबाई म्हणाल्या,
आणि नातवाला होडीकडे पिटाळलं,
लांब नेऊन सोड, हितं टाकशील तर कोन पन उचलंल.
तिची किंमत मी मनात काढून झाली होती.
रज्जाकचीही झाली असावी. दोघंही समुद्राकडे बघत राहिलो.

मग शिकवणी.
आधी बर्फात निजव, सुन्न होऊ दे.
सुरी डोक्यामागं, एकदाच.
मग तिचीच मिशी मोड,
शेपटीखालून आत घाल, फिरव, ओढ,
काळा दोरा अख्खा येतो.
ठेचलेली लसूण, मसाला, आगळ.
पाणी नको, तिचं तिला पुरतं.
आणि धा मिनटं. वर गेलास तर रबर.

खोटं कशाला बोलू,
तिथं मी एक शेपटी खाल्ली. गुरुवारीच.

रात्री साडेनऊ. खोका बाल्कनीत,
आत ओलं गोणपाट, गोणपाटात दोघी.
रत्नमालानं पोथी मिटली, खोक्याकडे पाहिलं,
विचारलं काही नाही.
दत्ताच्या तसबिरीपुढे वात अजून होती.
टीव्ही बंद करून आम्ही बसलो
बारा वाजायची वाट पाहत,
आणि खोका मधूनमधून: कर्र.

पावणेबाराला ती म्हणाली, तुम्ही खाऊन आलाय.
एकच शेपटी.
मिशांना वास येतोय.

बारा वाजून चार मिनिटांनी बर्फ तिनंच ओतला.
वेळ झाल्यावर मी सुरी घेतली
आणि हात, ज्याला मायक्रॉन कळतात,
थांबला.
द्या इकडे.
एकदाच. मग मिशी मोडली, घातली, फिरवली,
ओढली. दोरा अख्खा.
फिरवायची असते हे मी तिला सांगितलंही नव्हतं.

कढईत हिरवट काळं अंग विटकरी झालं.
ओट्याशी उभ्यानंच खाल्लं, एका ताटलीत,
बोटं भाजत, न बोलता.
समोरच्या गवारींकडे दिवा लागला,
जरा वेळानं विझला.

सकाळी कचरा न्यायला मंगलताई आल्या.
कवच बोटानं टकटक वाजवून पाहिलं.
हे ओल्यात टाकू का सुक्यात?
मी म्हणालो, सुक्यात.
रत्नमाला म्हणाली, ओल्यात.
दोघंही ठाम.